दोन मोकळ्या ओळी

३ नोव्हेंबर

पाटी सापडली! जुन्या चावडीच्या भिंतीत, चुन्याच्या थरांखाली. आईच्या घरून विळी आणली आणि सकाळभर खरवडत बसले. बोटं सोलली. इंग्रजी अक्षरं – या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर अकरा माणसं गेली, त्यातल्या दोघांनी प्राण दिले. बस्स. नावं नाहीत! बाजाराला गेलेले बैल मोजावेत तशी मोजलीत.

सरपंच सूर्यभानजी सोबत होते. शहीद स्मारकाचं काम माझ्या गळ्यात त्यांनीच मारलं – ‘अमरावतीले राजापेठेत लोकाईच्या बंगल्याचे नकाशे काढतं, गावासाठी एक काढ न!’ दोन नावं ठरलेली होती. एकाहत्तरच्या लढाईतले शालिकराम, आणि काश्मिरात गेलेला आमच्या मोहल्ल्यातला संघपाल. आता झाले चार. दोघं बिननावाचे.

९ नोव्हेंबर

गावभर विचारून झालं. परतवाड्याला एका निवृत्त मास्तरांकडेही जाऊन आले. कुणाला ठाऊक नाही.

रात्री जेवताना आई सहज म्हणाली, ‘तुह्या बाबाच्या आज्याचा भाऊ बसऱ्याले गेलता म्हनत. आलाच नाई थो.’ बसरा म्हणजे इराक, तेच महायुद्ध! मी ताट बाजूला सारलं. नाव? ‘तवा आपल्या लोकाईचं नाव कोन ल्हून ठेवे, माय?’

म्हणजे दोघांतला एक माझ्याच रक्ताचा. झोप कसली येते!

१३ नोव्हेंबर

नकाशा झाला. एकच उभी काळी शिळा. जुनी पाटी पायथ्याशी. शिळेवर चार ओळी – खालच्या दोन शालिकराम आणि संघपालच्या. वरच्या दोन मोकळ्या, गुळगुळीत, चौकट कोरलेली. आधी ते गेले, म्हणून मान त्यांचा. नाव नाही तर जागा तरी असू दे. मला स्वतःलाच इतकं आवडलं की दोनदा उठून पाहिलं.

सूर्यभानजींना दाखवलं. ‘झकास! वरच्या दोन ओळीत देनगीदाराचं नाव बसवून टाकू.’

माणूस वाईट नाही. पण असं काही बोलतो की डोक्यात जातो.

१७ नोव्हेंबर

ग्रामसभा. माझीच चामडी सोलली.

नकाशा भिंतीवर लावला, समजावून सांगितलं. लोक माना डोलवत होते. मग आशाबाई उठल्या. त्यांचा पियुष लेहकडे आहे, सुट्टी संपवून दिवाळीनंतरच गेलाय. ‘संध्या, मले अडान्याले एक सांग. मोकळी जागा कोनासाठी ठेवून राहिली तू?’ मी म्हटलं, काकू, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्यांसाठी. ‘थे गेले न. त्याईले काय करायची जागा? माहा पोरगा हाये तिकडे. भरायची राहिलेली ओळ पायली का तिथं त्याचंच नाव दिसते मले.’

ती वरती आहे, पुढच्या नावांसाठी खाली सोडलेली नाही – सांगून पाहिलं. ‘वर काय अन् खाली काय! मोकळी थे मोकळी.’

गावची सहा पोरं फौजेत आहेत. सगळ्या आया त्यांच्या बाजूला जाऊन बसल्या. मी नकाशा गुंडाळला. ओळी राहतील म्हणून सांगितलं आणि निघाले.

१८ नोव्हेंबर

आणि आता आई! फोनवर – ‘थ्या ओळी बुजव, संध्या.’

आई, तूसुद्धा? बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरात हे? ज्याच्या नावासाठी मी भांडतेय तो आपला माणूस. आणि आपलं आहे तरी कोण फौजेत?

आई म्हणाली, ‘रश्मीले भाकर द्याची हाये,’ आणि फोन ठेवला.

रश्मी माझी मुलगी. सहा महिन्यांपासून आजीकडेच असते – पोलीस भरतीची तयारी. राजापेठेच्या गाड्यांच्या गर्दीत धावणार कुठे? तिथे शाळेचं मैदान आहे, आजीच्या हातचं आहे. भरती झाली की अमरावतीतच राहील, संध्याकाळी घरी जेवायला येईल. तेवढंच मला हवंय.

२६ नोव्हेंबर

बडनेऱ्याला महादेवरावांच्या दगड कोरायच्या कारखान्यात. दगड उत्तम आहे, एक शीर नाही. खालची दोन नावं कोरून झालीत. महादेवराव चौकटींकडे बघत म्हणाले, ‘मॅडम, नक्की न? गावच्या बाया येऊन गेल्या काल. पाया पडत होत्या माह्या.’

नक्की, म्हटलं.

परतताना रिक्षात रडू आलं. त्या बायकांवर मला राग धरता येत नाही, हाच त्रास आहे. पण मी माघार घेतली तर ते दोघं पुन्हा चुन्याखाली. कायमचे.

३ डिसेंबर

सूर्यभानजींचा फोन. ‘एखादं फूल कोरू. कमय कोरू. भांडन मिटते.’ नाही. ‘तू लई जिद्दी हायेस, बाप्पा!’ हो, आहे.

१४ डिसेंबर

आज शिळा आली. लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

वेशीवर आशाबाई ट्रकसमोर उभ्या. हात जोडून. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अख्खं गाव जमलं. सूर्यभानजी माझ्याकडे बघताहेत, आई खाली बघतेय, रश्मी आजीचा हात धरून उभी. मी गेले पुढे आणि सगळ्यांदेखत बोलले – ‘काकू, दगडानं माणूस मरत नाही. तुमचा पियुष मेलाच तर गोळीनं मरेल.’

असं बोलले! माझ्या तोंडून गेलं!

आशाबाई बाजूला झाल्या. पदर तोंडाला लावून घराकडे चालत गेल्या. ट्रक आत आला. शिळा उभी झाली, ओळंबा लावून पाहिला, तसूभर इकडे-तिकडे नाही. कुणी टाळी वाजवली नाही.

जिंकले मी. जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर

माफी मागायला गेले होते. दार उघडलं नाही.

२८ डिसेंबर

उद्घाटन सव्वीस जानेवारीला. आईशी बोलणं नाही. रश्मी फोनवर हो-नाही एवढंच. मैदानाचं कसं चाललंय विचारलं तर म्हणते, चालू आहे. ही पोरगी एवढी कमी कधीपासून बोलायला लागली?

४ जानेवारी

रश्मी घरी आली. पेढा हातावर ठेवला. भरती झाली – पोलिसात नाही. फौजेत! आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फोन लावला तर म्हणाली, ‘तू नाई म्हनशीन म्हून सांगतलं नाई.’

मी पोरीला जवळ घेतलं, शाब्बास म्हणाले. पेढा खाल्ला. मग आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि महादेवरावांना फोन केला. त्या दोन ओळी भरा. ‘काय कोरू, मॅडम?’ काहीही, म्हटलं. काहीही कोरा. पण उद्याच्या उद्या या.