पंच्याखाली ठरलेली हेमांगी

मु. राजुरी,
बेल्ह्याच्या बाजारानंतरचा तिसरा दिवस

तीर्थरूप गेणभाऊंच्या पायांशी सावळेरामचा नमस्कार. (तुमचे गुडघे दुखतात असं कळलं, म्हणून जरा लांबूनच.)

इकडे सर्व क्षेम आहे. सर्व म्हणजे मी, म्हैस आणि कांदा. तिकडे घोडेगावात वहिनींची तब्येत, नव्या बोअरचं पाणी आणि सध्या तुमच्याकडे राहायला आलेली तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझीच बायको प्रतिभा, हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. ती घर सोडून का आली याबद्दल तिने तुम्हाला काहीबाही सांगितलं असेल. हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र अभिजात साहित्याबद्दल आहे. फोनच केला असता, पण तुमचा फोन तीच उचलते आणि माझा आवाज नीट ओळखून ‘राँग नंबर’ म्हणते.

आमच्या वाचक मंडळाची तुम्हाला कल्पना नसेल. बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे नाहीतरी बेल्ह्यात असतोच, म्हणून कांतीलाल शेठच्या कापड दुकानाच्या ओट्यावर बसतो. स्वतः शेठ, आळे गावच्या निवृत्त शिक्षिका सरूबाई, बैलबाजारातला दलाल भिका आणि मी. पुस्तक एकच. शेठच्या माळ्यावर जुन्या गाठोड्यात सापडलेली ‘हेमांगीचे प्रस्थान’ ही जाडजूड कादंबरी. ती एकेका बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत एकेकाच्या घरी राहते. आता एवढ्या वेळात शेतकऱ्याचं किती वाचून होणार? त्यामुळे कुणी किती वाचलं हे विचारायचं नाही, फक्त मत विचारायचं, असा मंडळाचा अलिखित नियम आहे. (पंगतीत शेजारच्याच्या पोळ्या मोजत नाहीत, तसंच हे.) मत मात्र प्रत्येकाकडे भरपूर असतं. भिकाने तर पुस्तक घरी न्यायच्या आधीच मत दिलं होतं.

कथा अशी की, ही हेमांगी मोठ्या घरची सून. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, फक्त तिचं ऐकत नाही. म्हणजे ती बोलत असते आणि तो ‘हूं’ म्हणत असतो. तर पुस्तकाच्या बरोब्बर मध्यावर एका सकाळी ही बाई दूध तापवते, त्यावर झाकण ठेवते आणि घरातून चालती होते. हिने केलं ते बरोबर की चूक, यावर चर्चा होती. शेठ म्हणाले, चालतं दुकान टाकून कुणी जातं का? सरूबाई म्हणाल्या, ती पहिल्याच प्रकरणात गेली असती तर पुष्कळ कागद वाचला असता. भिकाचा आवाज बाजारात कमावलेला. तो ‘बरोबर! बरोबर!’ असं ओरडायला लागल्यावर साडी बघायला आलेली दोन गिऱ्हाइकं काही न घेता उतरून गेली आणि शेठनी मंडळच बंद करायची भाषा सुरू केली.

तेव्हा भिकाने तोडगा काढला. बैलाचा भाव जसा रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात, तशी साहित्यचर्चा करायची. ना आवाज, ना भांडण, ना शेजारच्याला पत्ता. पाच बोटं म्हणजे पूर्ण बरोबर, एक बोट म्हणजे बहुतेक चूक. शेठनी कपाटातला कोरा पंचा काढून दिला (आणि नंतर तो झटकून, घडी करून विकायला परतही ठेवला), भिकाने एका टोकाखाली हात घातला, मी दुसऱ्या. मी एक बोट धरलं. भिकाने पाच दाबली. मी दोनवर आलो. तो पाचच. मग त्याने माझी करंगळी अशी काही पिळली, आणि वर तोंडाने ‘घ्या राव, मन मोठं करा’ असं इतक्या मायेने म्हणाला, की मी तीनवर, मग चारवर गेलो. तुम्हाला माहीतच आहे, बाजारात मला घासाघीस कधी जमली नाही. तो आंधळा गोऱ्हा मी कसा घेतला होता ते तुम्ही वहिनींना अजून सांगता. अभिजात साहित्याबद्दलचं माझं मत असं दुखत्या करंगळीतून निघालं.

त्यातच पारनेरकडचा एक पावणा सौदा चाललेला बघून ओट्यापाशी थांबला. पंच्याखाली हात म्हणजे जनावर असणारच, यात त्याची काय चूक?

‘‘नाव काय ठिवलंय?’’ त्याने शेठना विचारलं.

‘‘हेमांगी,’’ शेठ म्हणाले. कुणी पुस्तकात रस घेतो याचाच त्यांना आनंद.

‘‘सभावाला कशीय?’’

‘‘लई शांत. मोठ्या घरात वाढलेली.’’

‘‘दावं तोडून जाती का?’’

‘‘तोडून गेलीच की! त्याच्यावरच तर चाललंय समदं.’’

‘‘मंग मालकानं काय केलं?’’

‘‘तिथवर अजून कुणी वाचलं न्हाई,’’ शेठ म्हणाले. पावण्याने ओट्यामागे वाकून गाय कुठे दिसते का बघितलं. मग सरूबाईंनी त्याला हेमांगीच्या मनाची घुसमट समजावून सांगायला घेतली, तेव्हा तो टेम्पो सुटेल म्हणून पळाला. पण बाजारभर बातमी त्यानेच केली, की राजुरीचा सावळेराम एक पळकुटी गाय घेतोय आणि चौघं मिळून तिच्यासाठी रडतायत.

एवढ्यात इकडे माझं पाचवं बोट गेलं. ‘‘झाला सौदा!’’ म्हणून भिकाने सवयीने मूठभर गुलाल उधळला. अर्धा पुस्तकावर, अर्धा माझ्या डोक्यावर.

मी तसाच घरी आलो. पुस्तक माझ्याकडे ठेवायची पाळी होती, तेही काखेत. (तसं ते मागच्या पाळीतही आमच्याकडे होतं. मी दहाएक पानं वाचली. प्रतिभा दिवसा शेतात लाईट येईपर्यंत पाण्याच्या मोटारीपाशी बसून वाचायची, किती ते विचारलं नाही.) गुलाल बघून प्रतिभाने आधी गोठ्यात जाऊन म्हैस आहे का बघितलं. मग विचारलं, काय इकलं? मी म्हटलं, काही नाही गं, हेमांगीने घर सोडलं ते पूर्ण बरोबर केलं, असं ठरवून आलो. ती म्हणाली, का बरोबर ते सांगा. आता हे मला कुठे माहीत होतं? मी म्हटलं, ते तुला कळायचं नाही, ते साहित्य आहे. यावर ती आणखी बरंच काही बोलली. मी ‘हूं’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दूध तापवून त्यावर झाकण ठेवलेलं होतं.

हे पत्र त्याबद्दल नाही, पण ओघात आलं म्हणून सांगितलं. मी तसाच बेल्ह्याला गेलो, भिका आणि सरूबाईंना शेठच्या ओट्यावर गोळा केलं आणि भिकाला म्हटलं, बाबा, माझी बोटं परत दे, माझं मत बदललंय. भिका हे ऐकून असा दुखावला, की जणू मी त्याच्या आईला नावं ठेवली. पंच्याखाली दिलेला शब्द आजवर बेल्ह्याच्या बाजारात कुणी फिरवला नाही म्हणे. गुलाल पडल्यावर तर नाहीच. शेठनीही मान डोलावली. सरूबाई म्हणाल्या, प्रतिभासारखी वाचक तालुक्यात दुसरी नाही, नुसतं बोलून न थांबता तिने करून दाखवलं, पुढच्या बैठकीला तिचा सत्कार ठेवू. माझ्या घरात चूल पेटत नाही आणि हे नारळ-शालीचं बोलतायत! नारळ मीच आणायचाय, हेही ठरलं.

शेवटी भिकालाच दया आली. म्हणाला, एकच वाट हाय. जनावराची खोड लपवून ठेवली असंल आन मागनं उघडी पडली, तर सौदा मोडता येतो. म्हणजे शेवटच्या प्रकरणात हेमांगी परत घरी येत असेल, तर तिचं जाणं पूर्ण बरोबर नव्हतं, आणि माझी पाचही बोटं मला परत मिळतील. मी म्हटलं, मग सांग, येते का परत? भिका दुसरीकडे बघायला लागला. शेठनी साड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. सरूबाई चष्मा पुसत राहिल्या. त्या पुस्तकावर आम्ही दिवाळीपासून चर्चा करतोय, गेणभाऊ.

असो. बाकी विशेष काही नाही. कांदा बरा आहे. म्हैस माझ्या हाताला पान्हा सोडत नाही, दाराकडे बघून हंबरते. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
सावळेराम

ता. क. – पुस्तक प्रतिभाच्या पिशवीत आहे. तिच्या नकळत शेवटचं प्रकरण बघून हेमांगी परत येते की नाही एवढं कळवा. बाकी काही नको.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवताना आठवलं. लग्नापासून बघतोय, कुठलंही पुस्तक हातात घेतलं की प्रतिभा आधी शेवटचं पान वाचते. म्हणजे दुधावर झाकण ठेवताना तिला हेमांगीचं पुढे काय होतं ते माहीत होतं. तेव्हा तुम्ही बघू नका. तिलाच विचारा. नाहीतर तेही राहू द्या.

तिसरा ता. क. – गेणभाऊ, करमत नाही. पुस्तकातला नवरा न्यायला जात असो वा नसो, मी रविवारी येतोय. शेठकडून तो पंचा मागून घेतलाय. तुमच्या सगळ्यांदेखत माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, म्हणून प्रतिभाला सांगा, तुमच्या ओट्यावर बसून नुसता पंच्याखाली हात द्यायचा. तिचं जाणं किती बरोबर, त्याची ती जेवढी बोटं धरेल तेवढी मला कबूल. घासाघीस करणार नाही.