न प्यायलेली कॉफी

१२ मे
गुरुवारी आरोग्यमंत्री गावच्या दिवाणखान्यात येणार, वार्ताहरांशी बोलणार. त्यांचा माणूस नवाफ आजच येऊन प्रश्न वाटून गेला, खिरापत वाटावी तसे. माझ्या भावाची रुदैना करक शहरातल्या पेपरात बातम्या लिहिते. तिच्या वाट्याला आलं — साहेबांना इथला मन्सफ, आपला मटण-भात, कसा लागला? म्हटलं, विचार की, आणि हाडं कुणाला टाकली तेही विचार.

गावाला एकच विचारायचंय. बाळंतपणाच्या दवाखान्याचं कुलूप कधी निघणार? सून लमीसला नववा लागलाय. करक लांब, रस्ता घाटाचा. गेल्या साली शेजारणीचं बाळ गाडीतच गेलं.

पण वाटलेलं सोडून दुसरं विचारलं की माईक बंद. मग नोकरीही.

१३ मे
रुदैना रडकुंडीला आलेली. म्हटलं, तू विचारूच नकोस. कॉफी तेवढी पिऊ नकोस.
कळायला जरा वेळ लागला तिला. शिकलेली ना!

१५ मे
मंत्री आला. अत्तराचा नुसता घमघमाट. नेहमीसारखं कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "हे माझंच घर. तुम्ही सगळे माझे पाहुणे." झालं — स्वतःच यजमान होऊन बसला!

कॉफी फिरली. सगळे प्यायले. रुदैनानं कप खाली ठेवला, तस्साच भरलेला. सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. पाहुण्यानं कप असा ठेवला म्हणजे त्याचं काही मागणं आहे. ते दिल्याशिवाय तो पिणार नाही, आणि न पिता उठला तर यजमानाची अब्रू गेली. नवाफ माईककडं धावला. पण हिनं तोंडच उघडलं नव्हतं, बंद काय करणार?

मंत्री हसला. "पी पोरी, दिलं." वाटलं असेल, फोटो मागतेय.

"दवाखाना, साहेब. कधी उघडणार?"

सगळे म्हातारे त्याच्याकडं बघत बसलेले. "याच महिन्यात," म्हणाला बिचारा.

मग ती प्यायली. सावकाश.

१६ मे
नवाफचा घामेजलेला चेहरा आठवून हसत बसले, भाकरी करपली.

२० मे
नवाफ घरी आला. कॉफी दिली तर यानंही कप खाली ठेवला! मेला शिकला की. म्हणाला, "काकू, रुदैनाला आमच्याकडं कामाला पाठवा. साहेबांना अशीच हुशार पोरगी हवीय." म्हटलं, आधी कुलूप काढ, मग पी. कप झाकून ठेवलाय.

३० मे
दवाखाना उघडला. लमीस मोकळी झाली, मुलगी झाली. दोघी सुखरूप.

रुदैना आली, बाळाला घेतलं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आत्या, नवाफला ताजी कॉफी कर. येत्या गुरुवारी साहेबांचे प्रश्न मीच वाटणार आहे."