चारशे बारा पिशव्या आणि माझा झाडू

ती. ताईस,

तुझ्या ओट्याखालचं कपाट, आईची चाकांची खुर्ची, भिंतीवरची तीन घड्याळं (दोन चालतात) आणि रक्तपेढीचा अख्खा प्रोग्राम, कुणाकडेही एक दिवस न शिकता, याच दोन हातांनी केलेल्या तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला?

पेढीत कॉम्प्युटरची नवी सिस्टिम आली. माझा प्रोग्राम शनिवारी पाचपर्यंत तिच्यावर नीट चालला तर राहील, नाहीतर बाहेरून तयार आणू, असं मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. सगळं चाललं, अडलं ते झाडूवर. (झाडू म्हणजे मेमरीतली अडगळ काढणारा भाग. आई साफसफाईला निघाली की एकेक वस्तू उचलून "हे कोणाचं?" विचारायची, आणि कुणी ओ दिली नाही की वस्तू बाहेर, तसंच. माझी गलोल अशीच गेली, मी न्हाणीघरात होतो.)

रक्ताच्या पिशव्यांची सरावाची यादी चढवली. चारशे बारा पिशव्या, एकही खरी नाही. साडेचारला झाडू फिरला आणि उरल्या चारशे नऊ. पुन्हा फिरला, तीनशे एक्क्याण्णव. पेढीतल्या तंत्रज्ञ बाई ओरडल्या, "अहो झाडूवाले, ओ निगेटिव्ह गेलं की!" मी म्हटलं, "कुठे गेलं?" "मला काय विचारता? झाडू तुमचा!" डॉक्टरीणबाई मागे घड्याळाकडे बघत उभ्या (विकतचं घड्याळ, दोन मिनिटं पुढे).

वस्तूंवर हक्क सांगणाऱ्यांची यादी मेमरीत जिथून सुरू होते, तो पत्ता मी स्वतः मोजून प्रोग्राममध्ये पक्का कोरला होता. तीनदा मोजला होता (एकाच बैठकीत, मशीन बंद न करता, बारीकशी गोष्ट आहे, पण मी बारीक गोष्टी लपवत नाही). तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "आणि सिस्टिमला विचारलंत का?" ताई, मी आजवर मोजत आलोय, विचारत नाही. पावणेपाचला मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा मोजलं, तर पत्ता दुसराच! ही सिस्टिम चोरांना माग लागू नये म्हणून दर वेळी बिऱ्हाड बदलते, आणि माझा झाडू जुन्याच दारात उभा राहून "हे कोणाचं?" ओरडत होता. आकडा खोडला, त्या जागी सिस्टिमलाच पत्ता विचारणारी ओळ घातली. पाचाला चार मिनिटं कमी. झाडू शंभरदा फिरवला. बाई दर फेरीला आकडा वाचत होत्या, मी पाठ फिरवून उभा: चारशे बारा, चारशे बारा. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "राहू दे." (प्रोग्राम राहू दे की तपासणी, हे विचारून घेतलं. प्रोग्राम.)

तुझा,
धाकटा

ता. क. ती ओळ तंत्रज्ञ बाईंनी सांगितली. टाइप मी केली.

ता. क. दुसरा: सोमवारपासून आणखी दोन विभागांचं काम या सिस्टिमवर न्यायचं आहे. तिचं माहितीपुस्तक सहाशे चाळीस पानांचं, तेही इंग्रजीत. भाऊजींनी रोज संध्याकाळी फोनवर दहा पानं मराठीत समजावून सांगावीत. आमच्या हिला कळता कामा नये.

ता. क. शेवटचा: हेच सगळं शिकवणारा सहा दिवसांचा वर्ग आहे. त्याच संध्याकाळी डॉक्टरीणबाई मला तिथे पाठवायला निघाल्या होत्या. फी पेढीची, वर रोजचा साडेतीनशे भत्ता. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. एकूण दोन हजार शंभर.