पाड्याची अकरा घरं

बाबा, मी तुझ्यावर रागावलेय. मेलेल्या बापावर रागावू नये म्हणतात, पण तू होतास तेव्हा रागावायची सोय कुठं होती? चौथीपर्यंतच्या शिक्षणात जमतं तेवढं लिहिते. वही नातीनं दिलीय, गुलाबी पानांची. मोठी नात, वकिलाकडं कामाला लागलीय ती! काळा कोट शिवायला टाकलाय. कोटाचं राहू दे. काल तिच्याबरोबर बेलापूरच्या कचेरीत गेले होते. आपल्या पाड्यावर आता बिल्डिंगा आहेत, उरलाय तो गावदेवीचा शेंदरी दगड. तिथून रस्ता जाणार. पाडा होता असं दाखवलं तर दगड जागेवर ठेवतील, म्हणून अर्ज केला. तिथल्या बाबूनं जुना मोजणीचा कागद काढला. "घरं दोन, मिठाची कोठारं नऊ. आजी, इथं पाडा नव्हताच."

माझं डोकं फिरलं, कारण तो दिवस मला आठवतोय. आई चुलीवर बोंबील भाजतेय. मोजणीवाला साहेब मिठागराच्या बांधावरून येतो, बूट चिखलानं भरलेले. पाड्यातला थोरला म्हणून तू त्याला खाटेवर बसवतोस. "किती घरं?" तू हात जोडून म्हणतोस, "दोनच हायत सायेब. बाकी मिठाची कोठारा." तो गेल्यावर आई तवा आपटते, तू हसतोस. "अकरा सांगून नजर लावून घेऊ? मोजला का घटला!" खरं आहे, आपण मिठाची रास कधी मोजली नाही, पाळण्यातली पोरंही नाहीत. पण बाबा, साहेबाची कसली रे नजर? त्यानं तू सांगितलंस ते लिहिलं.

कोठारांना कोण शाळा देतं? मी बांधावरून दुसऱ्या गावच्या शाळेत जायची. उधाणाला बांध पाण्याखाली गेला की घरीच. चौथीनंतर ते पण संपलं. पुढं शहर आलं, शेजारच्या गावांना गावठाण मिळालं, नि आपल्याला काय सांगितलं? "कोठारं रिकामी करा." आत पाळणे हलत होते रे! आई मरेपर्यंत म्हणायची, "तुज्या बापानं मना कोठारान ठेवली." तू तेव्हा नव्हतास. सुटलास.

बाबू भला होता. म्हणाला, "तुम्ही बोला आजी, जबाब लिहून घेतो. किती घरं?" मी उभी राहिले. आपलं घर, आत्याचं, बांध राखणाऱ्या मुक्या काकाचं, सुईणीचं... एकेक बोट दुमडत मोठ्यानं सांगत गेले. दहाव्याला बोटं संपली. अकराव्याला नातीचं बोट धरलं. सगळी कचेरी बघत होती. खाली सही केली, अंगठा नाही! दगड राहील का ते महिन्याभरानं कळेल. पण पाडा एकदा कागदावर चढला.

निघताना बाबूनं सहज विचारलं, "नातवंडं किती, आजी?"

"ही एकच," मी म्हणाले.

"आजी!" नात जिन्यात ओरडली. "आम्ही पाच जणं आहोत ना?"

"हळू बोल गो," मी म्हणाले. तुझ्याच आवाजात म्हणाले, बाबा. सगळ्यात धाकटं आता माझ्या मांडीवर बसून हा कागद चुरगाळतंय. त्याला काजळाची तीट लावलीय. यावर पाच लिहिलंय, तेव्हा हा कागद वहीतच राहू दे. तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, नि त्या बाबूला खरा आकडा मी सांगणार नाही.