मी चौदा वेळा दिलं. तुम्ही?

३ जानेवारी
सोसायटीची मीटिंग. २६ तारखेला क्लबहाउसमध्ये रक्तदान शिबिर. पोस्टर कोण करणार म्हटल्यावर सगळे मोबाइलमध्ये घुसले. मी हात वर केला. डिझाइनची जाण पहिल्यापासून आहे, ऑफिसात वाढदिवसाचे मेसेज मीच बनवतो. तीन दिवसांत फायनल.
घरी बायकोने, नंदिनीने विचारलं, तू स्वतः किती वेळा रक्त दिलंयस? म्हटलं, दान मोजू नये.
(शून्य. दर वेळी काहीतरी अडचण आली. सुईचा संबंध नाही.)

७ जानेवारी
तिनाचे चार दिवस झाले. दर्जाला वेळ लागतो. लाल थेंब, त्याला हसरा चेहरा. क्षिप्रा म्हणाली, बाबा, हा टोमॅटो आहे. वीस वर्षांच्या मुलीला नजर नसते.
चेअरमन गोटीराम म्हात्रेंना दाखवलं. ते मूळचे शिरवण्याचे, आमची बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या आजोबांची शेती. म्हणाले, थेंबाला बघून कोन येनार, सुभाषशेठ? रगात देनारा मानूस लावा. आणि माझ्याकडे बघत राहिले. नाही म्हणणं उद्धटपणा झाला असता.

९ जानेवारी
फोटो काढला. बाही वर, कोपराच्या खोबणीत कापूस, त्यावर चिकटपट्टी. मजकूर: 'मी चौदा वेळा दिलं. तुम्ही?' खाली नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, गट ओ निगेटिव्ह.
चौदा हा आकडा लेआउटसाठी. 'एकदाही नाही' दिसायला बरं दिसत नव्हतं. शिवाय २६ ला देणारच आहे, म्हणजे तेरा वेळांचाच प्रश्न.
नंदिनीने पोस्टर दोनदा वाचलं आणि भाजी चिरायला गेली. आवडलं असावं.

१२ जानेवारी
दोन्ही लिफ्टमध्ये लावलं. वॉचमन आता खुर्चीतून उठतो. चौथ्या मजल्यावरच्या मालतीबाईंनी लिफ्टमध्ये मला नमस्कार केला, वयाने एवढ्या मोठ्या असून. संकोच वाटला, पण चारच मजल्यांचा प्रश्न होता.

१७ जानेवारी, दुपारी ४.१०
गोटीरामांचा फोन. आवाज ओळखूच आला नाही. सून सोनल बाळंत झाली, मुलगी. पण रक्त थांबत नाही. ओ निगेटिव्ह लागतंय, ब्लड बँकेत एकच पिशवी शिल्लक. लिफ्टमधी तुमचा गट वाचला, सुभाषशेठ, लवकर या. तपासनीलाच तीन-चार तास जातात.
निघालोच म्हटलं.

४.२५
उपाशीपोटी देऊ नये. पोहे खाल्ले. थोडे जिरू देत.

४.४०
नंदिनी चपला घालून दारात उभी. गाडीची चावी सापडेना. माझ्याच खिशात निघाली.

५.२०
हॉस्पिटलचं पार्किंग. मोबाइलवर टिपतोय. दीर्घ श्वास घेतोय, डोनरचं बीपी नॉर्मल हवं. नंदिनी माझी वाट न बघता वर गेली.

१८ जानेवारी, सकाळी
काल काय झालं ते लिहायलाच हवं.
फॉर्म भरताना सोनलचा नवरा आकाश शेजारी उभा होता. दोन दिवसांची दाढी, हातात बाळाची दुपटी. 'याआधी किती वेळा?' चौदा लिहिलं. 'शेवटचं कधी?' आकाश बघत होता. 'गेल्या महिन्यात' लिहिलं.
डॉक्टरबाई म्हणाल्या, तीन महिने झाल्याशिवाय घेता येत नाही.
पहिल्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. आकाशने हात जोडले. काका, आलात तेच खूप, म्हणाला, आणि भिंतीला टेकून खालीच बसला.
मी जिन्यापर्यंत गेलो. दोन पायऱ्या उतरलो. परत आलो.
डॉक्टरांना सांगितलं, चौदा खोटं, गेला महिना खोटं. कधीच दिलेलं नाही. आता घ्या. हळू आवाजात बोललो, पण पॅसेज लहान. आकाशने मान वर केली. त्याच्याकडे बघितलं नाही.
डॉक्टर म्हणाल्या, काविळीचं, मलेरियाचं, औषधांचं जे लिहिलंय, त्यावर आता मी कसा विश्वास ठेवू? ही पिशवी बाळंतिणीला जाणार आहे. चिडल्या नव्हत्या. फॉर्मवर रेघ मारली आणि बाजूला ठेवला.
नंदिनीने तोवर क्षिप्राला बोलावलं होतं. तिचा गट माझाच. क्लास सोडून सीवूड्सहून रिक्षाने आली, झोपली, वीस मिनिटांत उठली. दुखलं का, मी विचारलं. म्हणाली, थोडंसं.
सोनल आता धोक्याबाहेर आहे. मघाशी निरोप आला.

१९ जानेवारी
दोन्ही पोस्टर काढली. मालतीबाईंनी विचारलं, का हो? म्हटलं, प्रिंटिंग मिस्टेक.
नंदिनी मागेच उभी होती.

२६ जानेवारी
शिबिर. सकाळी साडेनऊलाच रांगेत उभा राहिलो, सांगावं लागलं नाही. फॉर्म खरा भरला. 'याआधी किती वेळा' पुढे शून्य. बोटाला टोचलं तेव्हा डोळे मिटले, पण हात मागे घेतला नाही.
हिमोग्लोबिन ११.४. साडेबारा लागतं. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, गोळ्या घ्या, तीन महिन्यांनी या. म्हणजे त्या दिवशीही माझं घेतलंच नसतं.
खुर्चीवर बसून राहिलो. गोटीराम चहा घेऊन आले. म्हटलं, म्हात्रे, मी एकदाही दिलेलं नव्हतं. म्हणाले, मना माहीत हाय, आकाश बोलला. चाय घ्या, थंड होल.
रक्त दिलेल्यांना बिस्किटाचा अख्खा पुडा होता. मला एका फुटलेल्या पुड्यातली दोन दिली. खाल्ली.