एका स्लॅबपुरता पाऊस

२७ सप्टेंबर १९८९, बुधवार

स्लॅबची तारीख ठरली! आठ ऑक्टोबर, रविवार, अष्टमी. शरदचंद्र कंत्राटदार स्वतः बुवापाड्याला घरी येऊन सांगून गेले. श्रावणात दोनदा पावसाने दगा दिला. आता तिसऱ्यांदा नको, सेंट्रिंगच्या फळ्या कुजतील म्हणाले. ओल्या स्लॅबवर जोराची सर आली की वरचं सिमेंट वाहून जातं. पुन्हा टाकायची आमची ऐपत नाही.

चहाचे कप उचलता उचलता सासूबाई, म्हणजे माई, म्हणाल्या, "मालिनी, पाऊस बांधून घे. खरवईत बाई आहे एक."

हे पेपरमागून हसले. "बांधून घ्या. फक्त कारखान्यात कुणाला सांगू नका. केमिस्टच्या घरात मंतरतंतर, नाव होईल माझं."

२९ सप्टेंबर

प्लॉटवर जाऊन आले. खरवईत सध्या आमचे पिलर तेवढे उभे, बाकी चहूकडे भात. पण भाताकडे बघवेना. गौरी गेल्यापासून पाऊस नाही. खाचरं तडकलीत. कोंडाजी बांधावर बसले होते. आमचा प्लॉट त्यांच्याकडूनच घेतलेला, शेजारचं शेत अजून तेच करतात. म्हणाले, "भात पोटरीत हाय वयनी. आता पानी नाय आलं तं दाना नाय भरायचा. निस्ता पेंढा."

मी "येईल हो पाऊस" म्हणाले. म्हणताना मनात आठ तारीख. लाज वाटली.

१ ऑक्टोबर, रविवार

माईंनी पिच्छा पुरवला म्हणून आज चांगुणाबाईंकडे गेले. म्हातारी ओटीवर मिश्री लावत बसलेली. वाटलं होतं, अंगात येईल, धूप असेल. काही नाही. शेळी हाकलली, मला पाट दिला.

"पाऊस बांधायचाय," मी म्हटलं. स्वतःचंच हसू आलं.

"कुनाकुनाच्या शेतावरला?"

"शेतावरचा नाही, आमच्या स्लॅबवरचा."

"तुज्या सल्यापवरला बांधला का कोंडाजीच्या शेतावरला पन बांधला जातो. पाऊस काय पट्टी लावून पडतो?" चूळ भरून आली. मग समजावून सांगितलं. लग्नाकार्याला ती बांधते. तांदूळ आणि सुपारी फडक्यात घालून सात गाठी मारते, आढ्याला टांगते. काम झालं की सोडते. पण शेजारची शेतं ज्यांची, त्यांनी हो म्हटल्याशिवाय गाठ मारत नाही. "समद्यांना इचारून ये. येक जरी नाय बोलला, तरी मी नाय करनार. मी बांधनारी हाय, चोर नाय."

परत येताना बसमध्ये तेच डोक्यात.

२ ऑक्टोबर

सुट्टी. हे घरी. जेवताना वाद.

हे म्हणाले, "फडक्याने पाऊस थांबत नाही. म्हणजे कुणाचं नुकसान नाही. मग विचारायचं कशाला?"

मी म्हटलं, थांबत नसेल तर बांधायचं कशाला? आणि थांबत असेल तर न विचारता बांधणं म्हणजे शेजाऱ्याचा पाट आपल्या दारात वळवणं. दोन्हीकडून विचारावंच लागतं.

"अगं पण ते खरं नाही!"

"मी तर खरं धरूनच मागायला गेले होते ना?"

यांनी आमटी वाढून घेतली. केमिस्टला निरुत्तर केलं — आजचा दिवस चांगला.

४ ऑक्टोबर, बुधवार

विचारत फिरले. अशी घरोघर मी हळदीकुंकवालासुद्धा फिरलेली नाही. सुरुवातीला शब्द फुटेना. "तुमचा पाऊस एक दिवस मिळेल का," हे कोणत्या तोंडाने बोलायचं? पण लोक हसलेही नाहीत, चिडलेही नाहीत. मीठ मागायला आल्यासारखं बसवून घेतलं.

कोंडाजींच्या इंदुबाई म्हणाल्या, "बांधा की. घर काय रोज होतंय? पन सांजच्याला सोडा." भिमाबाईंनी हो म्हणून वर काकड्या दिल्या.

हिंदुराव मात्र नाही म्हणाले. शेवटचं शेत त्यांचं, सगळ्यांत उंचावर, म्हणून सगळ्यांत कोरडं. उभ्याउभ्याच म्हणाले, "राग मानू नका. येक दिस बी नाय. त्याच दिशी यायचा असंल तं?"

बरोबरच होतं त्यांचं. "तुमचं खरं आहे," मी म्हणाले आणि निघाले. चांगुणाबाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग नाय." आणि शेळीला पाला टाकायला लागल्या.

गंमत म्हणजे मला हलकं वाटलं.

५ ऑक्टोबर

माई रुसल्यात. "तू विचारलंस म्हणून तो नाही म्हणाला."

६ ऑक्टोबर, शुक्रवार

माईंची कमाल आहे. उल्हासनगरला कॅम्प पाचात पापडवाल्या सिंधी भाभी त्यांच्या ओळखीच्या. पापड वाळवायचे म्हणून पाऊस थोपवणारा एक माणूस त्या भाभींना ठाऊक. गुडघे दुखत असताना रिक्षा करून एकट्या जाऊन आल्या. काळ्या दोऱ्यात ओवलेला खिळा आणला. प्लॉटच्या कोपऱ्यात उलटा ठोकायचा, बस्स.

"त्याने विचारलं का, आजूबाजूला शेतं आहेत का?" मी म्हटलं.

"त्याला काय करायचंय? पूछना क्या है, म्हणाला."

खिळा हातात घेतला. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, ठोकावा. कोण बघतंय? आणि यांच्या म्हणण्याप्रमाणे तर तो नुसताच खिळा. पण हिंदुरावांनी तोंडावर नाही म्हटलं होतं आणि मी तोंडावर "खरं आहे" म्हटलं होतं. त्यानंतर कसा ठोकणार?

माईंच्या देखत दोरा सोडला. खिळा घरच्याच भिंतीत ठोकून त्यावर कॅलेंडर टांगलं.

७ ऑक्टोबर

दिवसभर खडी, वाळू, शिव्या. मी खरवईला, माई घरी. आभाळ निरभ्र.

८ ऑक्टोबर, रात्री

हात मोडून आलेत तरी लिहिते.

सकाळी नारळ फुटला. मिक्सर सुरू. दुपारपर्यंत लख्ख ऊन, हे शिट्टी वाजवत फिरत होते. तीनच्या सुमाराला मलंगगडाकडून काळंभोर भरून आलं. शरदचंद्र ओरडायला लागले, "हात चालवा, हात चालवा." शेवटची घमेली वर जात होती. आमच्याकडे दोन ताडपत्र्या, त्याही कारखान्यातून मागून आणलेल्या. अर्धा स्लॅब उघडा राहणार हे दिसत होतं. मला रडू यायचं बाकी.

तेवढ्यात बांधावरून हिंदुराव. डोक्यावर ताडपत्र्यांचा गठ्ठा, मागे त्यांची माणसं, कोंडाजी, इंदुबाई, सगळे. खळ्यावर भात झाकायच्या ताडपत्र्या गावभरातून गोळा केलेल्या.

"तुम्ही?" मी म्हटलं.

"पाऊस आडवू नका बोललो. सल्याप झाकू नका असं कुठं बोललो?"

वरती बांबू टेकवून, कडेला विटा ठेवून, कोपरे हातात धरून उभे राहिलो. आणि कोसळला! तासभर. एका कोपऱ्याला हे, एका कोपऱ्याला हिंदुराव. यांचा चष्मा धुऊन निघाला, दिसत काही नव्हतं, तरी कोपरा सोडला नाही. खाली खाचरांत पाणी चढत होतं, आणि कोंडाजी ते बघून ताडपत्री धरल्याधरल्या पाय नाचवत होते. शरदचंद्र ओरडले, "काका, स्लॅब हलतोय!"

स्लॅब वाचला. एका कडेला थोडं धुतलंय, तिथे गिलावा करून देणार आहेत. माईंनी शेडमध्ये शिरा केला. सगळ्यांना वाढला. हिंदुरावांना दोनदा.

९ ऑक्टोबर

हिंदुरावांना दोनदा शिरा का, ते आज कळलं. इंदुबाई सांगत होत्या. शनिवारी ते चांगुणाबाईंकडे पाऊस बोलवायला गेले होते. म्हातारीने त्यांनाही तेच सांगितलं — ज्यांचा सल्याप हाय त्यांना इचारून ये. हिंदुराव तसेच बुवापाड्याला आमच्या घरी आले. घरात एकट्या माई.

घरी येऊन विचारलं. माई वाती वळत होत्या. "त्याने भाताची लोंबी आणली होती गं सोलून दाखवायला. आत नुसतं पाणचट. नाही कसं म्हणणार?"

"मग हो म्हणालात?"

"म्हटलं बोलव. पण येताना ताडपत्र्या घेऊन ये."

हे म्हणतात, ऑक्टोबरात असा गडगडाट दरवर्षी होतो. होतो, मलाही माहीत आहे. चांगुणाबाईंनी खरंच काही केलं का, ते विचारायला मी गेले. म्हणाल्या, "भात भरतंय ना? मंग?" आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

२६ नोव्हेंबर

आज सकाळी खरवईच्या दोन बायका पत्ता शोधत बुवापाड्याला आल्या. एकीच्या मुलीचं लग्न आहे, आभाळ आलंय. पाऊस बांधायचा म्हणाल्या. मी म्हटलं, मग चांगुणाबाईंकडे जा. तर म्हणे, म्हातारी सांगते, तिनं आता सोडलं. हे काम मालिनीताईकडे दिलंय.

मला न विचारता! हे आतल्या खोलीत हसून हसून पलंगावर आडवे झाले होते. मी दोघींना बसवलं. नाही म्हणणार होते, पण तोंडातून निघालं, "कुणाकुणाच्या शेतावरचा?" मग माईंकडे सुपारी मागितली.