अब्बा, तुम्ही साखर खात नव्हता

अब्बा, तुम्ही साखर खात नव्हता. आज सांगलीत पीएच.डी.च्या परीक्षकांपुढे उभी राहून मी हे ठणकावून सांगून आले.

वडूजच्या आपल्या गादीच्या दुकानातली ती दुपार आठवते. तुम्ही दवाखान्यातून कागद घेऊन येता. रक्तातली साखर पुन्हा वाढलेली. डॉक्टरांनी चारचौघांत सुनावलेलं, चोरून गोड खाताय. अम्मी कापूस बाजूला सारून उठते आणि साखरेच्या डब्याला कुलूप घालते. तुम्ही माझ्याकडे वळता. "पोरी, तू तरी सांग हिला. तुझी शपथ, कणभर न्हाई खाल्ली गं मी." आणि मी, आठवीतली हुशार मुलगी, तुमच्या सदऱ्याचे खिसे उलटे करते. आत सुई-दोरा निघतो. तरी म्हणते, "डॉक्टर कशाला खोटं बोलतील?" त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी शपथ घेतली नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत बिनसाखरेचा चहासुद्धा आमच्यासमोर बसून प्यायलात, आम्हाला दिसावा म्हणून.

प्रयोगशाळेत मी सहा वर्षं मधुमेह झालेल्या उंदरांचं लहान आतडं तपासलं. त्याला आतून मखमलीसारखी लव असते. भाकरीची साखर होते ती तिथूनच रक्तात जाते. मला वाटायचं, मधुमेहात रक्तात एवढी साखर असताना आतडं हात आखडता घेत असेल. उलटंच! ती लव वाढते, साखर आत नेणाऱ्या वाटा वाढतात, आणि साध्या भाकरीचीही साखर झपाट्यानं रक्तात उतरते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आज विचारलं, "रुग्ण म्हणतो गोड खाल्लं नाही, तरी साखर वाढलेली. काय म्हणाल?"

"आधी विश्वास ठेवीन, सर. मग जेवण विचारीन, औषधं बघीन. नुसतं आतडंच नाही, यकृतही साखर सोडत असतं. पण त्याला चोर म्हणणार नाही."

ते हसले, उठले आणि हात पुढे करून म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर."

अम्मीला फोन केला. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "मग ते खरं बोलत हुते?"

"व्हय, अम्मी."

 मग शेजारणीला मारलेली तिची हाक मला फोनवर ऐकू आली, "आवं, ऐकलं का? आमच्या ह्यांनी साखर खाल्लीच नव्हती!" मी डॉक्टर झाले हे ती सांगायचीच विसरली. मी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं हसले, अब्बा.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून कबूल करते. उंदरांच्या चाचणीचा पहिला निकाल हाती आला तेव्हा मला तुम्ही आठवला नाहीत. यंत्र बिघडलंय असं समजून मी चाचणी पुन्हा केली, परत केली. चौथ्यांदाही तेच आलं, तेव्हा कुठे तुमच्यावर विश्वास बसला.